सात भाऊ, सात जन्म

एका घरात सात भाऊ. थोरल्याचे लग्न झाले, मूलबाळ न होताच तो वारला. रीतीप्रमाणे दुसऱ्याने वहिनीशी लग्न लावले. तोही तसाच गेला. मग तिसरा, चौथा, करता करता सातही जण संपले आणि सगळ्यांच्या मागून ती बाईही मेली. आता मेलेले सगळे एके दिवशी उठणार असतील, तर त्या दिवशी ती कोणाची बायको? लग्न तर सातांनीही केले होते.

यरुशलेमच्या मंदिरात येशूला घातलेले हे कोडे मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदवून ठेवले आहे. कोडे घालणारे सदूकी. मंदिराचा कारभार ज्या वरच्या पुरोहित घराण्यांच्या हाती होता, त्यांच्याशी जोडलेला हा पंथ. मोशेच्या लेखी नियमशास्त्रात जे नाही ते मानायचे नाही, असा त्यांचा खाक्या. आणि मेलेले उठतात हे तर नाहीच नाही. त्यामुळे उत्तराची त्यांना गरजच नव्हती. समोरच्याचे चारचौघांत हसे व्हावे एवढाच हेतू. वादात हरवायला विधवा फार सोयीची पडते, कारण तिला कोणी मधे बोलू देत नाही. लूकच्या विसाव्या अध्यायातला हा सगळा संवाद वाचा. सात मेलेले नवरे आहेत, सदूकी आहेत, येशू आहे, अब्राहाम-इसहाक-याकोब आहेत. तिला नावही नाही.

कोड्यातला कायदा मात्र खरा होता. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात तो आहे: भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने वहिनीशी लग्न करावे, पहिला मुलगा मेलेल्याच्या नावाचा धरावा, म्हणजे त्याचे नाव इस्राएलातून पुसले जाणार नाही. दीर नाही म्हणाला तर गावच्या वडीलधाऱ्यांसमोर तिने त्याच्या पायातले पायतण काढायचे आणि त्याच्या तोंडावर थुंकायचे. बायबलातल्या तामार आणि रूथ यांच्या गोष्टी याच रूढीच्या सावलीतल्या. आता यात गंमत अशी की मरणानंतर काही नाही असे मानणाऱ्या सदूक्यांनाच हा कायदा सर्वांत जास्त हवा. माणूस पुन्हा उठणार नसेल तर त्याच्या टिकण्याचा एकच मार्ग उरतो, वारस. सदूक्यांचे पुनरुत्थान विधवेच्या कुशीतून व्हायचे होते. म्हणून ती रिकामी राहून चालत नव्हते; एक नवरा गेला की पुढचा उभा.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. विचित्रवीर्य निपुत्रिक मेला तेव्हा सत्यवतीने अंबिका आणि अंबालिकेकडे व्यासांना धाडले. व्यास नात्याने थोरले दीरच. धृतराष्ट्र आणि पांडू असे झाले, म्हणजे सबंध महाभारत या एका रूढीवर उभे आहे. मनुस्मृती या रूढीचे, म्हणजे नियोगाचे, नियम सांगते आणि लगेच त्याची निंदाही करते. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी तो कलियुगात वर्ज्य ठरवला. महाराष्ट्रात पुष्कळ जातींत विधवेचा पाट लागे, काही ठिकाणी त्याला मोहतूर म्हणत. रात्री, गाजावाजा न करता. काही जातींत धाकट्या दिराशी पाट चाले, काहींत ते महापाप. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत पाट नाही, केशवपन. एकीकडे बाईला घरातच ठेवून घेण्याची सोय, दुसरीकडे तिला कोणाच्याच उपयोगाची राहू न देण्याची. दोन्हीकडे प्रश्न सदूक्यांचाच: ही कोणाची?

हा प्रश्न पुरुषाबद्दल पडत नाही, हे एकदा नीट पाहायला हवे. सात बहिणी एकापाठोपाठ एकाच पुरुषाला दिल्या आणि सातही मेल्या, तर स्वर्गात तो कोणाचा नवरा, असे कोडे सदूक्यांनी घातले असते का? घातले असते तर ऐकणाऱ्यांनी खांदे उडवले असते. सातांचाच की! याकोबाला दोन सख्ख्या बहिणी बायका म्हणून होत्याच, शिवाय त्यांच्या दासी. साराच्या मागून अब्राहामाने कटूरेशी लग्न केले. कोणाला अडचण वाटली नाही. दोन मालकांची एक वस्तू असली तर तंटा होतो. एका मालकाच्या दोन वस्तू असल्या तर त्याला श्रीमंती म्हणतात. पुनरुत्थानाची थट्टा करायला सदूक्यांनी जो प्रसंग निवडला, त्याची सगळी धार या मालकीत आहे.

आमच्याकडे सात हा आकडा उलट्या बाजूने येतो. तिथे एका जन्मात सात नवरे. इथे सात जन्मी एकच नवरा. ज्येष्ठी पौर्णिमेला गिरगावात, दादरला, लालबागेत अजून वडाला सूत गुंडाळले जाते. जिथे वड उरला नाही तिथे बाजारातून फांदी आणून कुंडीत खोचतात. त्या दिवशी जिची कथा सांगतात ती सावित्री म्हणजे आपल्याकडची पुनरुत्थानाची सर्वांत लाडकी गोष्ट. पण तिने यमाकडे काय काय मागितले ते क्रमाने पाहा: सासऱ्याचे डोळे, सासऱ्याचे राज्य, बापाला शंभर मुलगे, स्वतःला सत्यवानापासून शंभर मुलगे. नवऱ्याचा प्राण सर्वांत शेवटी, आणि तोही आधीच्या वराच्या कायदेशीर कोंडीतून. बाई हुशार होती यात शंका नाही. यमाला शब्दांत पकडण्याचे तिचे कसब सदूक्यांना लाजवील. पण मागितले ते राज्य, वंश आणि वारस. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’त या कथेवर नेमके बोट ठेवले होते: नवऱ्यासाठी सावित्री यमापर्यंत गेली, बायकोसाठी कोणता पुरुष कधी त्या वाटेला फिरकला? याला उत्तर आजही नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला सहसा कोणी पुरुष कशाला दोरा गुंडाळीत नाही.

सात जन्मांच्या या हिशेबात विधवा बसतच नाही. म्हणून आपल्याकडे बायका देवाकडे अहेव मरण मागतात, भरल्या कुंकवाने जाऊ दे म्हणतात. पितृपंधरवड्यातली नवमी अशा अहेव गेलेल्या बायकांसाठी राखून ठेवली आहे. अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. पुष्कळ घरांत हे श्राद्ध नवरा जिवंत असेतोवरच करतात. तो गेला की बंद. म्हणजे मेलेल्या बाईचेही परलोकातले स्थान इथे मागे राहिलेल्या नवऱ्याच्या प्रकृतीवर अवलंबून. लहानपणी हे सगळ्यांनीच पाहिलेले असते. विचार करायची सवय लागलेली नसते, म्हणून खपून जाते.

आता येशूचे उत्तर. त्याने कोडे सोडवले नाही, मोडले. या युगातली माणसे लग्न करतात आणि लग्नात दिली जातात; त्या युगात हे दोन्ही नाही, असे तो म्हणाला. लूकने याला एक कारण जोडले आहे आणि माझ्या मते सगळी किल्ली त्यातच आहे: कारण ती माणसे पुन्हा मरू शकत नाहीत. मरण आहे म्हणून वारस हवा, वारस हवा म्हणून विधवेला पुढच्या भावाकडे सरकवायचे. मरणच गेले तर या व्यवहाराचे कारणच जाते. सदूक्यांना वाटले होते की पुनरुत्थान मानले तर विवाहाचा कायदा हास्यास्पद ठरतो. येशूने ते त्यांच्यावरच उलटवले. पुढे जळत्या झुडपापाशी देवाने मोशेला सांगितलेली ओळख तो काढतो: अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव. देव मेलेल्यांचा नसतो, जिवंतांचा असतो, म्हणून ती माणसे त्याच्यापुढे जिवंतच. सदूक्यांना मान्य असलेल्या मोशेच्या पुस्तकातूनच पुरावा काढून त्याने त्यांची तोंडे बंद केली, हे वादपटू म्हणून ठीकच. पण त्या उत्तरात ती बाई सातांपैकी एकाचीही नाही असे ठरते, आणि ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात आली असेल? मला वाटते, फार थोड्यांच्या.

मुंबईत तरी ती लक्षात यायला हरकत नव्हती. विधवेचा प्रश्न आणि हे शुभवर्तमान एकोणिसाव्या शतकात याच शहरात एकमेकांसमोर आले. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवासाला निघते, गावोगावच्या विधवांचे हाल पाहते. पुढे विनायकच मरतो आणि यमुनेवर तीच पाळी येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे यमुनेला आता दोन नवरे, एक परलोकी गेलेला आणि एक समोर. सदूक्यांचे कोडे दोन नवऱ्यांनीही तितकेच पडते, सात कशाला हवेत? पदमनजींना ते पडलेले दिसत नाही. एका अर्थी बरेच झाले. जिवंत बाईचे लग्न मेलेल्या माणसाच्या हक्कापायी अडवायचे नाही, एवढे त्यांनी त्या अध्यायातून न बोलता उचलले होते.

कायद्याने मात्र मेलेल्याचा हक्क जपून ठेवला. १८५६ च्या त्या अधिनियमाचे पहिले कलम आपण सुधारणेचा विजय म्हणून शाळेत शिकतो. दुसऱ्या कलमाकडे कोणी पाहत नाही. विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचे तिचे सगळे हक्क संपतील, जणू ती त्या क्षणी मेली आहे, आणि मिळकत नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे जाईल, असे ते कलम सांगते. कायद्याने मरण कल्पायचे आणि ते लग्नाच्या दिवशी! बोहल्यावर उभी असलेली बाई सरकारी कागदात मृत. त्यापुढे आणखी एक पेच झाला. ज्या जातींत पाटाची चाल पूर्वापार होती, त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. त्यांच्या विधवा पुन्हा लग्न करीतच होत्या. पण मुंबई हायकोर्टाने हे कलम त्यांनाही लावले. अलाहाबादच्या हायकोर्टाने नेमका उलटा निकाल दिला होता. म्हणजे विधवांना मोकळे करणाऱ्या कायद्याने इकडच्या कित्येक विधवांच्या हातचे होते तेही गेले. आपल्या सुधारणेच्या इतिहासात ही बाजू फार दबक्या आवाजात सांगितली जाते, आणि ते मला बरोबर वाटत नाही.

गिरगावातल्या एका घराला हे पक्के ठाऊक होते. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात रखमा नावाची लहानगी. जात सुताराची, पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. डॉक्टरही विधुर होते. पण लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून टाकली. कायद्याच्या लेखी आपण मरणार आहोत हे जाणून बाईने आधीच व्यवस्था लावली म्हणायची. आणि हीच मिळकत पुढे रखमाबाईंच्या जन्माला पुरली. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न, मग सासरी जायला नकार, मग १८८४ पासूनचा तो गाजलेला खटला. न्या. पिन्हे यांनी १८८५ साली दादाजीचा दावा फेटाळला, अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. एवढे बहुतेकांना माहीत असते.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९०४ साली दादाजी वारला. ज्याच्याबरोबर एक दिवसही संसार केला नाही, ज्याला नवरा म्हणायला कोर्टात नकार दिला, त्याच्यामागे रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ नेसायला सुरुवात केली. का? लोक त्यांच्या दवाखान्यात यावेत म्हणून, की आईकडून आलेल्या संस्कारामुळे, की तडजोड झाली तरी लग्न मोडले नव्हते म्हणून? मला तिन्ही कारणे अपुरी वाटतात. बायको व्हायला नाही म्हणता येते, विधवा व्हायला नाही म्हणता येत नाही, असा त्या काळाचा निकाल होता आणि रखमाबाईंएवढ्या ताठ कण्याच्या बाईनेही तो मानला. हायकोर्टाला जमले नाही ते दादाजीच्या मरणाने केले: त्याने तिला आपली करून घेतले.

गिरगावच्या त्याच मुलखात, चौपाटीवर विल्सन कॉलेजजवळ, ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले. उद्घाटनाला अध्यक्ष काशीबाई कानिटकर. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या होत्या, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी, धोंडो केशव कर्वे यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांत नवरा वारला. नातू घराण्यातल्या त्या मुलाचा चेहराही तिला धड आठवत नसणार. आता सदूक्यांचे कोडे तिला लावून बघा: शेवटल्या दिवशी ही कोणाची? पण हे विचारायला शेवटल्या दिवसाची वाट पाहायची गरजच नव्हती. समाजाने तिचे उत्तर तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवून आठव्या वर्षानंतर कधीतरी देऊन टाकले होते: त्या मेलेल्या मुलाची. सदनात तिने केस वाढवले. १८९३ च्या ११ मार्चला पुण्यात तिचे कर्व्यांशी लग्न झाले, ती आनंदीबाई झाली, पुढे सगळ्यांची बाया. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कर्वेही विधुर, पहिली बायको राधाबाई १८९१ साली वारलेली. राधाबाई स्वर्गात कर्व्यांची वाट पाहत असतील त्याचे काय, असे मुरूडच्या एकाही शास्त्रीबुवाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

शारदा सदनावरून पुढे जे रण माजले, त्यात रानडे-भांडारकरांनी १८९३ मध्ये सल्लागारपद सोडले, ते धर्मांतराच्या शंकेमुळे. त्या वादात कोणाची बाजू किती खरी हा वेगळा विषय आहे. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुलींनी पुन्हा लग्न करावे असा आग्रह रमाबाईंनी धरला नाही. शिकावे आणि पायावर उभे राहावे हा धरला. स्वतःही पुन्हा लग्न केले नाही. सुधारक विचारीत होते, हिला दुसरा नवरा मिळेल का? सनातनी विचारीत होते, पहिल्याचे काय? चौपाटीवरच्या त्या घरात या दोन्ही प्रश्नांना बाजूला ठेवून मुलींना वाचायला बसवले जात होते. लूकच्या त्या अध्यायावर मराठीत याहून चांगले भाष्य मला माहीत नाही, जरी रमाबाईंनी पुढे सगळे बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले तरी.

म्हणून ख्रिस्ती समाजाने पाठ थोपटून घ्यावी असे मात्र नाही. स्वर्गात लग्न नाही, माणसे देवदूतांसारखी असतात, या वाक्यातून चर्चने शतकानुशतके काढले काय, तर लग्न कमी प्रतीचे आणि ब्रह्मचर्य थोर. विधवेच्या मोकळेपणाऐवजी जोगिणींची महती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठीच्या आतल्या विधवांना मंडळीच्या यादीत घेऊ नये, त्यांनी लग्न करून घर सांभाळावे अशी सूचना आहे. म्हणजे तिथेही कोणाची तरी असलेली बरी. कायद्यात तेवढा फरक पडला. भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला मुले असतील तर नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मिळतो आणि पुन्हा लग्न केले म्हणून तो परत द्यावा लागत नाही. गिरगावातल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन घरातली विधवा आणि शेजारच्या वाडीतली हिंदू विधवा अशा एका भिंतीच्या अंतरावर वेगवेगळ्या जगांत राहत होत्या. आणि मांडवीला, जिथे १७९६ पासूनची सिनेगॉग आहे, तिसरेच. मोशेचा तो कायदा ज्यांचा, ते आपले मराठी बेने इस्राएल. पण दिराशी लग्नाची रूढी त्यांच्यात नव्हती, आणि विधवेचे दुसरे लग्न शेजाऱ्यांप्रमाणे त्यांनाही फारसे पसंत नव्हते. पुढे इस्राएलात गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर ज्या शंका घेतल्या, त्यांत दीर-भावजयीचे हे नियम पाळले नाहीत ही एक होती. १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानावे असे ठरवले तेव्हा कुठे प्रकरण निवळले. सदूक्यांच्या कोड्याने इतक्या दूरवर, इतक्या उशिरा कोकणातून गेलेल्या माणसांना गाठले.

येशूच्या उत्तराविरुद्ध एक आक्षेप खरा आहे आणि तो सदूक्यांकडून येत नाही. तो येतो नवऱ्यावर जीव असलेल्या बाईकडून. २ नोव्हेंबरला शिवडीच्या दफनभूमीत जाऊन पाहा. फुले, मेणबत्त्या, पाण्याने धुतलेल्या फरशा. जागेची टंचाई म्हणून मुंबईत पुष्कळ कबरी काही वर्षांनी उघडतात आणि हाडे भिंतीतल्या कोनाड्यात जातात. एका कोनाड्यात नवरा-बायको दोघांची नावे खाली-वर कोरलेली असतात, कधी खालची ओळ अजून कोरी असते. त्या कोऱ्या ओळीची मालकीण तिथे मेणबत्ती लावीत उभी असते. तिला जाऊन सांगायचे का, की बाई, वर लग्न नाही? तिला देवदूत नको असतो. ज्याला मासळीत चिंच जास्त लागायची, जो झोपेत घोरायचा, तोच माणूस तिला हवा असतो.

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धे आहे आणि ते त्याच उताऱ्यात आहे. जळत्या झुडपातून आलेल्या ओळखीत नावे आहेत. माणसे एकमेकांत विरघळून गेलेली नाहीत. अब्राहाम अब्राहामच, याकोब याकोबच. नाव टिकले म्हणजे ओळखही टिकली, प्रेम टिकायला हरकत उरली नाही. संपते ती मालकी. ज्या बाईचा नवऱ्यावर जीव होता तिचे यात काही जात नाही, आणि जिला सात जणांच्या हातून जावे लागले तिची सुटका होते. फक्त त्या झुडपाने सारा, रिबका, राहेल यांचीही नावे घेतली असती तर बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

लालबाग-परळच्या चाळीत ‘ही कोणाची’ हा प्रश्न परलोकाचा नसतो, खोलीचा असतो. गिरणीत राबलेला माणूस वारला की भाडेपावतीवर नाव कोणाचे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा म्हणतो की मृत भाडेकरूच्या कुटुंबातल्या, त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाकडे हक्क जातो, आणि एकमत झाले नाही तर कोण ते कोर्ट ठरवते. एकमत न होण्याची सुरुवात बहुधा दिरांपासून होते. पुनर्विकासाचा बोर्ड लागला की गावी असलेले दीरही मुंबईत उगवतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मिळकतीची पूर्ण मालकीण केले, पण त्याच कायद्यात एक कलम होते: आधीच वारलेल्या मुलाची किंवा भावाची विधवा वारसा उघडण्याच्या वेळी पुन्हा लग्न केलेली असेल तर तिला हिस्सा नाही. ते कलम गेले २००५ साली. ‘जणू ती मेली’ म्हणणारा १८५६ चा अधिनियमही १९८३ पर्यंत पुस्तकात होताच. म्हणजे मेलेल्या नवऱ्याचा ताबा कायद्यातून सुटायला एकशे एकोणपन्नास वर्षे लागली, आणि बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद व्हावे असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने केला तो २०२२ च्या मे महिन्यात.

कॅथलिक चर्चमध्ये हा सात भावांचा उतारा दर तीन वर्षांनी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या आसपास, मृतांच्या दिवसानंतर लगेच येतो. दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्येही तोच. त्याआधी मक्काबींच्या पुस्तकातले दुसरे सात भाऊ वाचतात, धर्मासाठी हाल सोसून आईच्या डोळ्यांसमोर मेलेले. पुनरुत्थानाची श्रद्धा अशा घरांत रुजली, मंदिराच्या कारभाऱ्यांच्या नव्हे, हे त्या जोडणीतून सुंदर कळते. पण लूकचे वाचन अडतिसाव्या ओवीला थांबते. त्याच अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या ओवीत येशू शास्त्र्यांबद्दल सावध करतो, की लांबलचक प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरे गिळतात. आणि लगेच पुढच्या अध्यायात तो दानपेटीत आपली दोन नाणी, म्हणजे होते नव्हते तेवढे, टाकणारी एक गरीब विधवा दाखवतो. कोड्यातल्या काल्पनिक विधवेमागून लूक एक खरी आणतो, तिच्या गेलेल्या घरासकट. तो घराचा भाग वाचनक्रमात मार्कच्या पुस्तकातून दुसऱ्या वर्षी येतो. त्यामुळे भाविकांना एका वर्षी स्वर्गातले लग्न कळते, दुसऱ्या वर्षी गिळलेली घरे, आणि दोन्हींचा संबंध लागत नाही. धर्मगुरूंनी त्या रविवारी आणखी नऊ ओव्या वाचाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे, आणि बाकांवर ऐकायला बसलेल्यांत ज्यांच्या खोलीचा वाद कोर्टात आहे अशा दोन-चार जणी तरी असतात.